मानस त्याची, बांध कोणाचा?

परवा रविवारी बाबांना घेऊन खाजनात गेलो. बरेच दिवस मागे लागले होते, एकदा बांधावर नेऊन आण म्हणून, गुडघ्यांमुळे आता एकट्याने जमत नाही त्यांना. गाडी देवळाकडे लावली, तिथनं हळूहळू खाली उतरलो आणि मानशीच्या अलीकडेच थांबावं लागलं, कारण पुढे बांधच नाही. दोन ठिकाणी फुटलाय. पहिलं भगदाड सात-आठ मीटरचं असेल, दुसरं त्याहून मोठं, आणि भरतीचं पाणी आरामात आत-बाहेर करतंय. आमच्या शेताची मेर जिथे होती तिथे तिवरं उगवलीत, चांगली कमरेएवढी. बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग काठीने पाण्याकडे दाखवून म्हणाले, "तिथे तुझ्या आजोबांनी शेवटची लावणी केली होती." एवढंच.

ज्यांनी खाजन बघितलं नाहीये त्यांना थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचा गाव डिचोली तालुक्यात, मांडवीच्या काठाला. नदी इथे खारी, समुद्राच्या भरतीबरोबर चढते नि उतरते. शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी चिखलाचे आणि चिऱ्यांचे बांध घालून नदीकडनं ही जमीन मिळवली, तेच खाजन. बांधाला एक दार असतं, ती मानस. लाकडाची जाड फळी वरच्या बाजूने टांगलेली. भरती चढली की पाण्याच्याच रेट्याने ती मिटते, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते, ना वीज लागते ना माणूस. पावसाळ्यात आत कोरगुट भात व्हायचं, थोड्याफार खाऱ्याला न मरणारं. आणि ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाला जाळं लावलं की सुंगटं (कोळंबी), शेवटे, काळुंद्रं, कुर्ल्या. या मासळीच्या हक्काची दरवर्षी पावणी होते, म्हणजे लिलाव, जो जास्त बोलेल त्याची वर्षभर मानस. पैसे शेतकऱ्यांच्या संस्थेकडे जमा होतात आणि त्यातनं बांधाची डागडुजी करायची अशी रीत.

आता झालं काय, तर भाताला पैसे मिळेनासे झाले आणि सुंगटांचा भाव वाढत गेला. मग पावणीची बोली वाढली, गावातल्या गावात बोलणारे मागे पडले आणि बाहेरचा, तीन-चार गावच्या मानशी एकदम घेणारा माणूस पुढे आला. त्याच्या हिशोबाने विचार करा. त्याने रोख पैसे मोजलेत, एका वर्षात वसूल करायचेत. पाणी जेवढं जास्त आत येईल तेवढी मासळी जास्त. मग फळी थोडी उचलून ठेवायची, भरतीच्या वेळी पण. शेतात खारं पाणी गेलं तर भात मरतं, पण भात त्याचं नाही. बांध खालनं पोखरला जातो, पण बांधही त्याचा नाही. आणि एखाद्या अमावस्येच्या उधाणाला फुटलाच तर सगळं शेतच तळं होतं, म्हणजे आणखी मासळी. गोव्यात हे खूप ठिकाणी झालंय, काही ठिकाणी तर मुद्दाम बांध फोडल्याच्या तक्रारी आहेत. आमच्याकडे मुद्दाम फोडला असं मी म्हणणार नाही, मी बघितलेलं नाही. पण बुजवायची घाई कोणाला नव्हती हे मात्र बघितलंय.

मी त्या माणसाला शिव्या घालायला हे लिहीत नाहीये. भला माणूस आहे, चवथीला आमच्याकडे बांगडे-सुंगटं सोडून नारळ घेऊन येतो, बाबांच्या पाया पडतो. त्याच्या जागी मी असतो तर कदाचित तेच केलं असतं, आणि म्हणूनच मला झोप लागली नाही त्या रात्री. गेले काही महिने मी भांडवलशाही, संपत्ती मोजक्या हातात जाणं, हे असं किती वर्षं चालणार, यावर बरंच वाचतोय, मित्रांशी वाद घालतोय. एकजण म्हणतो भांडवलशाही कोसळणार, दुसरा म्हणतो दोनशे वर्षं हेच ऐकतोय, कोसळली का? दोघेही मोठमोठे शब्द वापरतात. मला वाटतं प्रश्न साधा आहे, ज्याच्या हातात मानस आहे त्याला बांध फुटल्याचा त्रास होतो की नाही? होत असेल तर ती व्यवस्था टिकते. होत नसेल तर कितीही पैसा फिरत असला तरी खालनं पोखरली जातेय असं समजा.

आणि पैसा जसजसा थोड्या हातांत जमा होतो तसतसा त्रास व्हायचा बंद होतो, हाच खरा मुद्दा. माझं एकच शेत असेल तर मी ते सांभाळणार, दुसरं आहेच कुठे? पण ज्याच्याकडे दहा गावच्या मानशी आहेत त्याचं एका गावाचं खाजन बुडालं तर तो उरलेल्या नऊ गावांत जातो. विहीर आटली तर टँकर मागवतो, हवा खराब झाली तर मशीन लावतो, फारच झालं तर दुबईला जातो.

आपल्या देशाचे आकडे बघा. फ्रेंच अर्थतज्ज्ञ पिकेटी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये भारतावर जो अभ्यास काढला त्यात २०२२-२३ साली वरच्या १ टक्का लोकांकडे देशातली ४०.१ टक्के संपत्ती होती, उत्पन्नातला वाटा २२.६ टक्के. खालच्या अर्ध्या देशाकडे मिळून संपत्ती ६.४ टक्के. आणि १९८२ साली वरच्या १ टक्क्याचा उत्पन्नातला वाटा ६.१ टक्के होता, म्हणजे माझ्या बाबांच्या डोळ्यांदेखत हे झालंय, राजेरजवाड्यांच्या काळातली गोष्ट नाही. या आकड्यांवर वाद आहेत, पद्धतीवर लोक आक्षेप घेतात, घेऊ देत, पण दिशा कोणती आहे हे कळायला अर्थतज्ज्ञ व्हायची गरज नाही.

यावरून मला आमच्या चवथीच्या पत्त्यांची आठवण होते. आम्ही सहा चुलत भावंडं, आरती-जेवण झालं की माळ्यावर बसून पत्ते, रुपया-रुपयाच्या नाण्यांवर. तिसऱ्या रात्रीपर्यंत सगळी नाणी एकाच भावाकडे गेलेली असायची. मग खेळ बंद पडायला नको म्हणून तोच आम्हाला उसने द्यायचा, कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचा कोणाचे किती. खेळ चालू राहायचा, मजाही यायची, पण खरं बघितलं तर तो स्वतःच्याच नाण्यांशी खेळत होता. आणि एकदा का त्याने सांगितलं आता उसने नाही, की संपला खेळ, तोही एकटाच बसून राहायचा ढीग घेऊन.

नंतर कधीतरी वाचनात आलं की अमेरिकेत मॅरिनर एकल्स नावाचा माणूस, हा स्वतः युटातला बँकवाला, श्रीमंत, आणि १९३४ ते १९४८ त्यांच्या फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे मध्यवर्ती बँकेचा, प्रमुख, त्याने १९२९ च्या मंदीचं कारण सांगताना नेमकी हीच पत्त्यांची उपमा दिली होती. पैसा थोड्या हातांत गेला, बाकीच्यांकडे खरेदीला पैसे उरले नाहीत, कर्जावर काही काळ खेळ रेटला, कर्ज संपलं तसा खेळ संपला. कम्युनिस्ट नव्हता तो, भांडवलशाही वाचवायलाच बसला होता. मला हे फार पटतं, कारण श्रीमंत माणूस एका वेळी दहा माणसांचं जेवण जेवू शकत नाही, त्याचा जादा पैसा जमिनीत, शेअरमध्ये, फ्लॅटमध्ये जाऊन बसतो आणि त्यांचे भाव वाढवतो, आणि ज्याला तो फ्लॅट राहायला हवाय तो हप्त्यांच्या मागे धावत राहतो.

कर्जावर खेळ कसा रेटतात हे आमच्या तालुक्याने बघितलंय. खाणी जोरात होत्या तेव्हाची गोष्ट. पोर्तुगीजांनी दिलेले खाणींचे परवाने कायमचे होते, मोजक्या घराण्यांकडे, १९८७ च्या कायद्याने त्यांचे लीज झाले पण हात तेच राहिले. मग चीनला लोखंड हवं झालं आणि माल धावायला लागला, २०१०-११ ला वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास निर्यात, एवढ्याशा गोव्यातनं. रस्त्यावर ट्रकला ट्रक लागलेला, शाळेत जाताना आमचे पांढरे शर्ट दुपारपर्यंत तांबडे. शिरगावात विहिरी आटल्या कारण खाणींचे खड्डे पाण्याच्या पातळीच्या खाली गेले. पण गावात पैसाही येत होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. माझ्या काकांनी काकूचे पाटल्या-गोठ विकून आणि बँकेचं कर्ज काढून टिप्पर घेतला. मालक झालो असं वाटायचं त्यांना, आणि ट्रकच्या काचेवर लईराई देवीचं नाव मोठ्या अक्षरात.

सप्टेंबर २०१२ ला सगळं बंद. बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, नुकसानीचा आकडा ३५ हजार कोटींच्या घरात. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लीजची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती, त्यानंतरचं सगळं खोदकाम बेकायदा. पुन्हा चालू झालं, पुन्हा ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ लीज रद्द. कोर्टाचं बरोबरच होतं, मी तेव्हाही म्हणत होतो, आणि त्यावरून काकांनी माझ्याशी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं. कारण काकांचा टिप्पर अंगणात काजूखाली उभा राहिला तो राहिलाच. हप्ते थकले. एका पावसात टायरमधनं रानवेल आत शिरली आणि स्टिअरिंगला गुंडाळून खिडकीतनं बाहेर आली, तिला पिवळी फुलं यायची. काकू रोज सकाळी तुळशीला पाणी घालायची आणि त्या फुलांकडे बघायची नाही. पुढे सरकारने ट्रकवाल्यांसाठी कर्जाची सवलत योजना आणली, थोडं हलकं झालं, पण पाटल्या काही परत आल्या नाहीत. ज्यांची लीज होती त्यांचा पैसा केव्हाच जहाज, हॉटेल, जमिनी असा चारी वाटांनी निघून गेला होता. खड्डे इथे राहिले, कर्ज इथे राहिलं.

इथे कोणीतरी मला म्हणणार की मग तुला काय, सगळं सरकारकडे द्यायचंय? नाही. सरकारच्या हातातली मानससुद्धा कोणाच्या तरी हातातलीच असते, आणि त्या साहेबाची बदली झाली की त्यालाही बांधाशी देणंघेणं नसतं. बाजारामुळे आमच्या घरात काय काय आलं ते मला माहितीय, आजोबा अनवाणी डिचोलीच्या बाजाराला जायचे, मी चारचाकीतनं जातो. ते कोणी फुकट दिलं नाही, धंदा वाढला म्हणून आलं.

जुनी गावकरी, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीची पद्धत, परत आणा असं म्हणणारेही भेटतात. त्यांनाही माझं सांगणं असतं की बाबांनो, ती सगळ्यांची नव्हती. कोमुनिदादीची, म्हणजे त्या गावकरीच्या संस्थेची, जमीन गावाची, पण गावकार म्हणजे ठराविक घराणी, त्यातही पुरुष. माझे आजोबा गावकार नव्हते, कूळ होते. झोण, म्हणजे जो नफ्याचा वाटा मिळायचा, तो त्यांच्या घरी कधी आला नाही. पण एक गोष्ट त्या पद्धतीत होती जी मला खरंच शहाणपणाची वाटते. जमिनीच्या पावणीतनं जे उत्पन्न यायचं त्यातनं आधी खर्च जायचे, बांध, देऊळ, सरकारचा कर, आणि उरलं तर झोण. आज कंपनीपासून देशापर्यंत सगळीकडे उलटं चाललंय, आधी वाटून घ्यायचं आणि बांधाचं बघू पुढच्या वर्षी.

आजोबांना जमीन मिळाली ती बाजाराने नाही, कायद्याने. १९६४ चा कूळ कायदा आणि मग १९७६ ची दुरुस्ती, शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना, कसणारा तो मालक. भाटकारासमोर, म्हणजे जमीनदारासमोर, पायरीखाली उभा राहणारा माणूस एका कायद्याने मालक झाला. त्या जमिनीवर बाबा शिकले, मास्तर झाले, आम्ही शिकलो. म्हणजे वाटप केल्याने देश भिकेला लागतो हे मला कोणी सांगू नये, मी त्या वाटपाचाच मुलगा आहे. पण वाटप करून सोडून दिलं की काय होतं तेही आमच्याच शेतात दिसतं. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून चालत आलेल्या नियमामुळे निम्मी मालमत्ता मुलांना द्यावीच लागते, मुलगे-मुली सगळ्यांना सारखी. चांगला कायदा, एकाच्याच नावावर सगळं करता येत नाही. पण तीन पिढ्यांत आमच्या एका शेतावर २३ नावं झाली. कोणी फोंड्याला, कोणी पुण्याला, एक आत्या मस्कतला. २३ जणांना मिळून एक बांध बांधायला जमत नाही, पण २३ जणांच्या सह्या गोळा करून जमीन विकत घ्यायला एक बिल्डर बरोबर जमवतो, कारण त्याच्याकडे वाट बघण्याएवढा पैसा असतो. मोपाचा विमानतळ झाल्यापासून पेडण्याकडे हेच चाललंय, आणि आता फोन आमच्याकडेही यायला लागलेत. तुकडे झालेली मालकी ही मोठ्या पैशाला आयतीच मिळते, हे मला आधी कधी सुचलं नव्हतं.

देशपातळीवर आपण वाटपाची अवजारंही काढून टाकली. वारशावरचा कर, इस्टेट ड्युटी, १९५३ ला आली आणि १९८५ ला गेली. संपत्ती कर १९५७ पासून होता, २०१५ च्या बजेटात रद्द. कारण सांगितलं की वसुली फारच कमी, आणि ते खरंच होतं, २०१३-१४ ला सगळ्या देशातनं जेमतेम हजार कोटी. पण जाळ्याला भोकं आहेत म्हणून मासेमारी सोडत नाहीत हो, जाळं शिवतात. ब्रिटनमध्ये वारसा कर ४० टक्के आहे, जपानमध्ये वरचा दर ५५. तिथले श्रीमंत काही भीक मागत नाहीयेत.

आणि जे जमिनीतनं एकदाच निघतं त्याचं तर वेगळंच करायला हवं. ज्या १९७६ साली आमच्याकडे कूळ मालक झाला त्याच साली अलास्काने तेलाच्या उत्पन्नातला वाटा बाजूला ठेवायला कायमचा निधी केला, मुद्दल मोडायचं नाही, आणि १९८२ ला तिथल्या प्रत्येक माणसाच्या हातात पहिल्यांदा हजार डॉलर दिले, पोरांसकट. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या निकालात गोव्यासाठी असा कायम निधी करायला लावला, विकलेल्या मालाच्या १० टक्के. कोर्टाला सांगावं लागलं. पन्नास-साठ वर्षं आधी कोणी केला असता तर काकांच्या घरी दरवर्षी काहीतरी आलं असतं, टिप्पर न घेता.

असो, खूप लांबलं. घरी आल्यावर बाबांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला लावली. त्यात शेतकरी संस्थेची जुनी वही निघाली, ते चिटणीस होते तेव्हाची, कडा वाळवीने खाल्लेल्या. १९८३ चं पान उघडलं. वर बांधाचा खर्च लिहिलाय, चिरे किती, चिखल टाकायला माणसं किती, त्यांच्या चहाचे पैसेसुद्धा. पावणीत काय आलं ते खाली. मी विचारलं खर्च वर का, तर म्हणाले, "तो आधी ठरायचा ना. त्याच्यावरनं पावणीची बोली कुठून सुरू करायची ते ठरवायचो."

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी देवळात संस्थेची सभा आहे. मी दोन गोष्टी मांडणार आहे. एक, जो मानस घेईल त्याने बोलीच्या वर अनामत ठेवायची आणि बांध शाबूत असेल तरच वर्षाअखेरीला ती परत. दोन, बांधाचा खर्च आधी, बोली नंतर, वहीत होतं तसं. बदल करायला सभासदांच्या सह्या हव्यात आणि मागच्या सभेला अकराच जण होते. आमच्या वाड्यावरचे जे कोणी हे वाचताय, पणजीला असा की वास्कोला, त्या दिवशी या. बसची अडचण असेल तर फोन करा, मी गाडी घेऊन येतो. बाबाही येणारेत, त्यांच्यासाठी एक खुर्ची तेवढी कोणीतरी पुढे ठेवा.